गाडीचा ‘टक्’ काय सांगतो?

गेल्या मे महिन्यात मी बडोद्याला, रावपुऱ्यात मामांकडे होतो. आजोबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन सकाळी आठला ठरले होते. साडेसातला मामांनी गाडीची किल्ली फिरवली. आवाज आला, ‘टक्’. पुन्हा किल्ली, पुन्हा ‘टक्’. आजोबा मागच्या सीटवर बसलेलेच! शेवटी धावपळ करून रिक्षा मिळवली, म्हणून वेळ निभावली. संध्याकाळी मेकॅनिक आला. बॉनेट न उघडताच त्याने निकाल दिला, “बेटरी गई. नवी नाखवी पडशे.” मामा पैसे काढणार, तोच डोळ्यावर पट्टी बांधलेले आजोबा आतून म्हणाले, “अरे, आधी दिवे लावून बघा!” त्या एका वाक्याने मामांचे काही हजार रुपये वाचले. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

इंजिनाला पहिली फिरकी देणाऱ्या विजेच्या मोटारीला आपल्याकडे ‘सेल्फ’ म्हणतात. पूर्वी हे काम हाताने हँडल मारून करावे लागे आणि हँडल उलटले तर मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९११ साली विजेचा स्टार्टर यशस्वी केला व १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसवला गेला. तेव्हापासून गाडी सुरू करायला मनगटाऐवजी बॅटरीचा जोर लागू लागला.

किल्ली फिरवल्यावर दोन कामे होतात. प्रथम थोडा प्रवाह सोलेनॉइडकडे जातो. सोलेनॉइड म्हणजे तारेचे वेटोळे व त्यातला लोखंडी दांडा. दांडा ओढला गेला की ‘टक्’ होतो. त्याच झटक्यात सेल्फचे छोटे दातेरी चाक इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये अडकते आणि तांब्याचे जाड संपर्क जुळतात. मग दुसरा, मोठा प्रवाह सेल्फला मिळतो. हेडलाइटच्या साध्या बल्बला पाचएक अँपिअर पुरतात. सेल्फला मात्र शंभर-दीडशे किंवा त्याहूनही अधिक लागतात. म्हणजे ‘टक्’ ऐकू आला तर हुकूम पोचला, पण कामाला लागणारी रसद पोचली नाही, असे समजावे.

आता हा ‘टक्’ दोन प्रकारचा असतो. ‘टकटकटक’ असा भराभर आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा तिचे टर्मिनल खराब असते. संपर्क जुळताच दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, दाब पुन्हा वर येतो, सोलेनॉइड पुन्हा ओढला जातो आणि हे चक्र चालू राहते. एकच ठसठशीत ‘टक्’ येऊन पुढे शांतता पसरली, तर सोलेनॉइडचे जळलेले संपर्क, सेल्फचे झिजलेले कार्बन, सैल अर्थिंग किंवा अडकलेले दातेरी चाक यांवर संशय घ्यावा.

संशयाची खात्री करण्यासाठी आजोबांची परीक्षा. हेडलाइट लावा आणि दुसऱ्या कोणाला किल्ली फिरवायला सांगा. दिवे एकदम मंदावले, तर आधी बॅटरी व तिची टर्मिनले तपासा. (सेल्फ किंवा इंजिन जाम झाले तरी दिवे मंदावतात, हे लक्षात असू द्यावे.) दिवे तेजस्वीच राहिले, तर बॅटरी बहुधा निर्दोष आहे, प्रवाह वाटेत अडतो आहे. मीटर असल्यास उत्तमच. भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, अर्धी उतरलेली १२.२ च्या आसपास. सेल्फ मारताना आकडा साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये.

वाटेत प्रवाह अडतो म्हणजे काय, हे ओहमच्या नियमाने कळते. जोडावर गंज चढून ०.०२ ओहम इतकाच विरोध निर्माण झाला, असे धरू. हेडलाइटच्या ५ अँपिअरला त्यामुळे फक्त ०.१ व्होल्टचा तोटा होतो. डोळ्याला तो दिसतही नाही. पण सेल्फच्या १५० अँपिअरला तोच तोटा ३ व्होल्ट होतो! छोट्या व्यवहारात न दिसणारी गळती मोठ्या व्यवहारात दिवाळे काढते, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

उपायही क्रमानेच करावेत. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला व किल्ली काढलेली असावी. पान्याने आधी बॅटरीची ऋण वायर सोडवावी, मग धन, जोडताना उलट. टर्मिनलवरची पांढरी-हिरवट भुकटी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुऊन, घासून, कोरडी करून जोड घट्ट आवळावेत. भुकटीला हात लावू नये. तिच्यात आम्ल असते.

दुसऱ्या गाडीची वीज घ्यायची झाल्यास लाल केबल धनाला धन जोडावी. काळीचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋणाला आणि दुसरे बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व शेवटच्या जोडणीत ठिणगी उडू शकते, हे त्याचे कारण. अशा वेळी विडी-काडीही दूरच बरी.

मामांच्या गाडीत आवाज एकच होता आणि दिवे जराही मंदावले नाहीत. मीटरची एक तार इंजिनाला, दुसरी बॅटरीच्या ऋणाला लावून सेल्फ मारला. तेथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा हवा. तो तीनच्या वर गेला. इंजिन व बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली होती. नवी बॅटरी घेतली असती, तर ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी गत झाली असती. तिचे बोल्ट खरवडून साफ केले व आवळले. खर्च शून्य.

दुसऱ्या दिवशी आजोबांना पट्टी काढायला न्यायचे होते. मामांनी किल्ली फिरवली. ‘टक्’ झाला असणारच. पण इंजिनाच्या आवाजात तो कोणाला ऐकू आला नाही.