पाटी एक, दुकान दुसरे

शब्दांशी माझा रोजचा संबंध. त्यामुळे एखादा शब्द लोक का टाळतात, याकडे माझे लक्ष जाते. आमच्या तळेगावात, म्हणजे आष्टी तालुक्यातल्या श्यामजी पंतांच्या तळेगावात, ‘गर्भपात’ हा शब्द बायकांच्या तोंडून मी क्वचितच ऐकला असेल. ‘पिशवी धुतली’, ‘खाली केलं’ असे काहीतरी आडून बोलले जाते. आडून बोलायच्या विषयात थापही खपून जाते, कारण ती चारचौघांत तपासून घेता येत नाही. आज बोलायचे आहे ते अशा थापांविषयी.

अमेरिकेत या थापांची रीतसर दुकानेच आहेत. तिकडे त्यांना ‘क्रायसिस प्रेग्नन्सी सेंटर’ म्हणतात. अडचणीत सापडलेल्या गरोदर बाईला मदत करणारे केंद्र, असा त्याचा अर्थ. पहिले केंद्र १९६७ साली हवाई बेटांवर रॉबर्ट पिअर्सन नावाच्या गृहस्थाने काढले. आज तिथे अशी अडीच हजारांच्या आसपास केंद्रे आहेत. पाटीवर लिहिलेले असते, ‘गरोदर आहात? आम्ही मदत करू. तपासणी मोफत.’ पुष्कळदा हे केंद्र खऱ्या गर्भपात दवाखान्याच्या शेजारीच असते, आणि नावही फसगत व्हावी इतके जुळते. आत पांढरा कोट घातलेली बाई असते, सोनोग्राफीचे यंत्र असते. डॉक्टर बहुतेक नसतो. गर्भपात तर तिथे होतच नाही. तो होऊ नये यासाठीच केंद्र उघडलेले असते. पिअर्सनने १९८४ च्या सुमारास अशी केंद्रे चालवणाऱ्यांसाठी एक पुस्तिका काढली होती. केंद्राला दोन नावे ठेवा, देणगीदारांसाठी एक आणि येणाऱ्या बाईसाठी दुसरे, असा सल्ला त्यात आहे.

तिथे सांगतात काय? गर्भपाताने स्तनाचा कर्करोग होतो. पुढे मूल होत नाही. मनाचा आजार जडतो. यातल्या कर्करोगाच्या दाव्याचा निकाल अमेरिकेच्याच राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ साली जगभरचे तज्ज्ञ बोलावून लावला : असा संबंध नाही. तरी दावा चालूच राहिला. २००६ साली हेन्री वॅक्समन या खासदाराच्या कार्यालयाने तपासणी केली. सतरा वर्षांची गरोदर मुलगी असल्याचे भासवून केंद्रांना फोन केले. ज्या २३ केंद्रांशी बोलणे झाले, त्यांतल्या २० केंद्रांनी खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली. पुढे कॅलिफोर्निया राज्याने २०१५ मध्ये कायदा करून ‘आमच्याकडे वैद्यकीय परवाना नाही’ अशी सूचना अशा विनापरवाना केंद्रांनी लावावी असे ठरवले. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्या कायद्याला खीळ घातली. कारण दिले, भाषणस्वातंत्र्याचे!

पण या केंद्रांचे सर्वांत धारदार हत्यार कर्करोगाची भीती नव्हे. ते आहे तारीख. ‘घाई कशाला, पुढच्या आठवड्यात या’, ‘अजून पुष्कळ वेळ आहे’. बाई दोन-तीन फेऱ्या मारते आणि तोवर कायद्याने दिलेली मुदत उलटून जाते. तिला कुणी हात धरून अडवलेले नसते.

आमच्या नागपूर-अमरावती रस्त्यावर अशी पाटी मी पाहिलेली नाही. इथे थापा फुकट मिळतात, त्याही घरपोच. शिवाय त्या मारणाऱ्याला बऱ्याचदा आपण थाप मारतो आहोत हे ठाऊकही नसते. काउंटरवरचा कारकून, औषधाच्या दुकानातला मुलगा, शहाणी समजली जाणारी नात्यातली बाई, कुणीही असो. परिणाम मात्र तोच. तारीख पुढे सरकते.

यातली सर्वांत मोठी थाप म्हणजे ‘आपल्या देशात गर्भपाताला बंदी आहे.’ वस्तुस्थिती अशी, की १९६० च्या दशकात केंद्र सरकारने या प्रश्नावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा. समितीचा अहवाल १९६६ साली आला, १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. आता वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, आणि ती सवलत अत्याचारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेली, अपंग अशा ठरावीक स्त्रियांसाठी आहे. मागेल तिला मागताक्षणी, असा हा कायदा नाही. कारण लागते. पण साधन वापरूनही दिवस गेले, हेही त्यात कारण धरलेले आहे. आधी तिथे ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ असे शब्द होते; २०२१ मध्ये ‘नवरा’ जाऊन ‘जोडीदार’ आला.

मग बंदीची समजूत कुठून आली? माझ्या मते एका शब्दातून. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडण्याविरुद्ध महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा आला. ही लढाई योग्यच होती. पण भिंतींवर जे लिहिले गेले ते ‘भ्रूणहत्या पाप आहे’, ‘भ्रूणहत्या गुन्हा आहे’. गुन्हा गर्भलिंग तपासण्याचा. भिंतीवर मात्र तो साऱ्याच गर्भपातांच्या माथी आला. ‘हत्या’ हा शब्द जिथे बसतो तिथे मागाहून पोलीस येणारच, असे वाचणारीला वाटले तर तिची काय चूक?

दुसरी थाप सहीची. गावात मी लोकांचे अर्ज लिहून देतो, म्हणून अशी माणसे माझ्यापर्यंत येतात. काही वर्षांपूर्वी एक बाई आली. दोन लेकरे पदरात, नवरा कामाला बाहेर. म्हणाली, “चाचा, नवऱ्याची सही पाह्यजे म्हनते. थो तं सुरतले हाये. तुमीच काई लिवून द्या जी.” एका दवाखान्याने तिला सहीसाठी दोनदा परत पाठवले होते. पहिल्यांदा गेली तेव्हा सातवा आठवडा होता, माझ्याकडे आली तेव्हा अकरावा. बारा आठवड्यांच्या आत हे काम बऱ्याच लहान केंद्रांतही होते. त्यापुढे सोय असलेली ठिकाणे कमी होतात, म्हणजे एसटीचे भाडे, मुक्काम आणि मजुरीचे खाडे वाढतात. मी अर्ज लिहिला नाही. आशाताईंना सोबत देऊन तिला दुसऱ्या, सरकारी दवाखान्यात पाठवले. तिथे सही मागितली, ती तिचीच.

ज्यांना असा दुसरा दवाखाना सापडत नाही, त्या कुठे जातात? ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे, की २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. काही लाख तर गोळ्याही नाहीत आणि दवाखानाही नाही, अशा धोक्याच्या रीतीने. आमच्यापासून फार लांब नाही त्या आर्वीत, जानेवारी २०२२ मध्ये, तेरा वर्षांच्या मुलीच्या बेकायदा गर्भपाताच्या तक्रारीवरून पोलीस एका खाजगी रुग्णालयात गेले आणि आवारातल्या बायोगॅसच्या टाकीतून ११ कवट्या व ५४ हाडे निघाली. त्यात कोण दोषी, हे न्यायालयाने ठरवायचे. मी पाहिले ते एवढेच, की त्यानंतर आमच्याकडच्या बायका आणखी दबकून बोलू लागल्या. खरे तर अशा मुलीसाठी, पालकाच्या लेखी संमतीने, कायद्याचा रस्ता होता.

गर्भपात चूक आहे असे मानणाऱ्याशी माझे भांडण नाही. इस्लामी धर्मशास्त्रातही गर्भाच्या पहिल्या एकशेवीस दिवसांवरून विद्वानांचे मतभेद शतकानुशतके चालू आहेत. प्रश्न पाटीचा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा त्यांनाही मूल जगावे असेच वाटत होते. त्यांनी गावात पत्रके लावून विधवांना कळवले, की इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा. नावातच उद्देश लिहिलेला. आत येणारीला दाराबाहेरच सारे ठाऊक होते.

गुप्ततेची हमी आजच्या कायद्यातही आहे. गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव कायद्याने अधिकार नसलेल्याला सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की चोवीस आठवड्यांच्या सवलतीत अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, आणि सज्ञान स्त्रीकडून घरच्यांची संमती किंवा कायद्यात नसलेले कागद डॉक्टरांनी मागू नयेत. संमतीच्या त्या कागदाला ‘फॉर्म सी’ म्हणतात. तो मागून पाहावा. वर ‘अमक्याची मुलगी अथवा पत्नी’ अशी जागा असते, तिथे नाव भरायचे असते, सही नव्हे. खाली सही बाईची. ती अठराच्या आतली असेल किंवा मानसिक आजारी असेल, तरच पालकाची. नवऱ्याच्या सहीसाठी त्या कागदावर जागाच ठेवलेली नाही.