ब्लॉक किती टक्के?

६८ आणि १४. हार्ट अटॅक आलेल्या, पण त्याआधीच कधीतरी अँजिओग्राफी झालेल्या रुग्णांच्या अभ्यासांचा गोषवारा फाल्क, शाह आणि फस्टर या हृदयतज्ज्ञांनी १९९५ साली मांडला, त्यातले हे आकडे. पुढे ज्या जागी धमनी बंद पडली, तिथे आधी ५० टक्क्यांहून कमी अडथळा होता ६८ टक्के रुग्णांत. ७० टक्क्यांहून मोठा अडथळा फक्त १४ टक्क्यांत.

आपल्याकडे रुग्णाला भेटायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ब्लॉक किती टक्के?" सत्तर ऐकलं की चेहरे उतरतात, तीस ऐकलं की चहा येतो. हिशेबात एक मेख आहे. लहान अडथळे संख्येने पुष्कळ, म्हणून त्यांचा वाटा मोठा. एकेकटा धरला तर मोठा अडथळाच जास्त धोक्याचा. पण तीस म्हणजे निर्धास्त, असंही नाही. धमनीच्या भिंतीत साचलेला लहान थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि तासाभरापूर्वी वाहती असलेली धमनी बंद होते.

ही गुठळी अडवण्याचं काम एंडोथेलियमचं, म्हणजे धमनीच्या आतल्या अस्तराचं. जाडी जेमतेम एका पेशीची. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर ॲसिटिलकोलिन टाकत, तेव्हा त्या आकसत. खरं तर त्या सैलावायला हव्या होत्या. पट्ट्या कापताना आतली बाजू घासली जाऊन अस्तरच खरवडलं जात होतं! अस्तर शाबूत ठेवल्यावर पट्ट्या सैलावल्या. हे १९८० साली प्रसिद्ध झालं. अस्तरातून सुटणारा तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू, हे पुढे सिद्ध झालं आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना मिळालं. हा वायू धमनी सैल ठेवतो, रक्तातल्या प्लेटलेट्सना चिकटू देत नाही. छातीत दुखलं की जिभेखाली धरायची सॉर्बिट्रेटची गोळी शरीरात हाच वायू पुरवते.

सैल होण्याने किती फरक पडतो? दाब तोच राहिला तर नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतो. धमनी १० टक्के रुंदावली तर प्रवाह ४६ टक्के वाढतो. १० टक्के आकसली तर ३४ टक्के घटतो. १९८६ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या हृदयधमन्यांत ॲसिटिलकोलिन सोडलं. निरोगी धमन्या रुंदावल्या, थर साचलेल्या आकसल्या.

हे अस्तर दंडावरूनही जोखता येतं. हातावर पट्टा पाच मिनिटं आवळायचा, सोडायचा आणि सोनोग्राफीवर धमनी किती फुलते ते मोजायचं. सेलरमायर आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली ही पद्धत मांडली. धूम्रपान करणाऱ्यांची धमनी फारच कमी फुलली. आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा आजार असलेल्या शाळकरी मुलांचीही. त्या मुलांना कोणी ब्लॉकची टक्केवारी विचारली नसती.

मग स्टेंट घातला की भागलं? २०२० सालच्या 'इस्केमिया' चाचणीत ३७ देशांतले ५,१७९ स्थिर रुग्ण होते. सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांचं छातीचं दुखणं कमी झालं, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. (अटॅक आलेला असताना तातडीची अँजिओप्लास्टी जीव वाचवते, ती गोष्ट वेगळी.) स्टेंट एक जागा उघडतो, अस्तर सगळीकडे आहे.

५२ देशांच्या 'इंटरहार्ट' अभ्यासात पहिल्या अटॅकचं सरासरी वय दक्षिण आशियात ५३ होतं, इतरत्र ५८.८. तेव्हा अस्तर बिघडवणारे बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉलचे आकडे चाळिशीच्या आतच विचारून घ्या.