कल्पित भूमीचा नकाशा

सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाला शेतांचे तुकडे, रस्त्यांच्या रेघा आणि गावांचे पुंजके एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. पटावरील खेळासाठी कल्पित प्रदेशाचा नकाशा काढणाऱ्यास हीच दृष्टी लागते. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला, तेव्हा असे नकाशे चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढीत. आता संगणकावर त्यासाठी अनेक सॉफ्टवेअर आहेत. त्यांतून निवड कशी करावी?

पहिला विचार उपयोगाचा. डोंगररांगा, नद्या व राज्ये दाखवावयाची असतील तर ‘वंडरड्राफ्ट’ किंवा ‘इंकारनेट’ सोयीचे. पहिले एकदा विकत घेतले की आपल्या संगणकावर राहते. दुसरे इंटरनेटवर चालते आणि त्याच्या पूर्ण सोयींसाठी वर्गणी भरावी लागते. इंटरनेट वारंवार खंडित होत असेल तेथे हा भेद लहान नव्हे.

दुसरा विचार छपाईचा. सोंगट्या मांडावयाच्या नकाशात एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट जमीन, असा प्रघात आहे. २४ इंच रुंद व ३६ इंच लांब पट इंचाला ३०० ठिपक्यांनी छापावयाचा, तर चित्र ७,२०० गुणिले १०,८०० ठिपक्यांचे हवे. मोफत आवृत्तीत एवढे मोठे चित्र मिळेलच असे नाही. ते आधी पाहावे.

तिसरा विचार लिपीचा. सीमाभागात त्याचे मोल निराळे सांगावयास नको. परीक्षा सोपी आहे: ‘सांबऱ्याचा किल्ला’ एवढेच लिहून पाहावे. ‘ऱ्या’ फुटला, वेलांटी भलत्या जागी गेली, तर ते सॉफ्टवेअर मराठी नावांच्या कामाचे नाही. अशा वेळी चित्र तेथे काढून नावे ‘इंकस्केप’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घालावीत. तेथे जोडाक्षरे नीट उमटतात, आणि रेषा व अक्षरे कितीही मोठी केली तरी फिसकटत नाहीत.

शेवटचा विचार जतनाचा. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने १८८१ मध्ये एका बेटाचा नकाशा रंगविला आणि त्यातूनच ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी जन्मली. छपाईसाठी पाठविलेला तो नकाशा मात्र हरवला, आणि लेखकाला स्वतःचीच कादंबरी चाळून तो पुन्हा जुळवावा लागला. म्हणून ज्यातून मूळ फाइल आपल्या हाती ठेवता येते, तेच साधन घ्यावे. वर्गणी संपली तरी आपली भूमी आपल्यापाशी राहिली पाहिजे.