१.५०० म्हणजे दीड की दीड हजार? दशांश चिन्हाचा घोळ समजून घेऊया

एक सोपा प्रश्न. बिलावर १.५०० युरो असं लिहिलंय, तर किती पैसे द्यायचे? आपण म्हणू, दीड युरो. पण बिल जर्मनीतलं असेल तर उत्तर आहे दीड हजार! तिथे हजार वेगळे दाखवायला टिंब वापरतात आणि दशांशासाठी स्वल्पविराम. आपलं १,२३४.५६ तिथे १.२३४,५६ असं लिहितात.

मग बरोबर कोण? दोघंही. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ साली ठराव केला की दशांशासाठी टिंब किंवा स्वल्पविराम, दोन्ही चालतील. मात्र मोठ्या आकड्याचे तीन-तीनचे गट पाडताना मध्ये फक्त मोकळी जागा सोडावी, टिंब किंवा स्वल्पविराम घालू नये.

सॉफ्टवेअरला हे कसं कळतं?

फोनच्या मेमरीत संख्या बायनरीत असते. तिथे टिंबही नसतं आणि स्वल्पविरामही. संख्या स्क्रीनवर दाखवताना चिन्ह ठरतं आणि ते ठरवतं लोकेल, म्हणजे तुम्ही निवडलेली भाषा आणि देश. कुठल्या लोकेलमध्ये काय चालतं याची मोठी यादी युनिकोड कन्सॉर्टियम सांभाळतं. तिचं नाव सीएलडीआर. आपली लाख-कोटीची १२,३४,५६७ अशी मांडणीही त्यात आहे.

मग घोळ कुठे होतो?

माणसासाठी सजवलेला आकडा मशीनला दिला की. समजा एका अ‍ॅपला पुण्याचं लोकेशन नकाशाच्या अ‍ॅपकडे पाठवायचंय: १८.५२,७३.८५. इथे स्वल्पविराम अक्षांश आणि रेखांश वेगळे करतो. डेव्हलपरने लोकेल न सांगता आकड्याचं टेक्स्ट बनवलं आणि फोन जर्मन भाषेत असेल, तर तयार होतं १८,५२,७३,८५. आता यातला अक्षांश कुठला नि रेखांश कुठला?

एक्सेलचंही तसंच. सीएसव्ही फाइलमध्ये रकाने स्वल्पविरामाने वेगळे करतात. पण जर्मन सेटिंगमध्ये तो दशांशासाठी आधीच वापरलेला, म्हणून तिथलं एक्सेल रकान्यांसाठी अर्धविराम घेतं. अशी फाइल आपल्याकडे उघडली की सगळे रकाने एकातच कोंबलेले दिसू शकतात.

आणि हा प्रॉब्लेम फक्त युरोपचा नाही बरं का! सीएलडीआरमध्ये मराठीसाठी मूळ अंक देवनागरी आहेत. त्यामुळे अँड्रॉइड फोन मराठीत ठेवला, तर निष्काळजीपणे लिहिलेलं अ‍ॅप सर्व्हरला देवनागरी अंक पाठवू शकतं. जावास्क्रिप्टला असं देवनागरी १८.५२ संख्येत बदलायला सांगितलं, तर ते सरळ ‘ही संख्याच नाही’ म्हणतं. फोन मराठीत ठेवल्याची शिक्षा आपण का भोगायची?

उपाय काय?

कोड तपासताना मी एकच प्रश्न विचारतो: हा आकडा माणूस वाचणार की मशीन? माणूस वाचणार असेल तर त्याच्या लोकेलप्रमाणे दाखवा. मशीनसाठी असेल तर ठरलेलं एकच लोकेल वापरा. जेसनसारख्या फॉरमॅटमध्ये तर दशांशासाठी फक्त टिंबच चालतं.

तुम्ही कोड लिहीत नसाल तरी दोन गोष्टी करा. परदेशी साइटवर पैसे भरण्याआधी टिंबानंतर तीन आकडे दिसले तर थांबा आणि नीट वाचा. आणि एखादं अ‍ॅप फोन मराठीत ठेवल्यावरच गडबडत असेल, तर भाषा इंग्रजी करून गप्प बसू नका, डेव्हलपरला कळवा. दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओळीची असते!