पदवी घेऊन शेताकडे : डॉ. पांडुरंग खानखोजे ते आजचे कृषिदूत

मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकाराने रंगविलेली भित्तिचित्रे आहेत. त्यांपैकी एका चित्राच्या शीर्षकाचा अर्थ ‘आमची रोजची भाकरी’ असा होतो. कष्टकरी स्त्रीपुरुष व मुले जेवणाच्या मेजाभोवती जमली आहेत आणि मेजाच्या प्रमुख स्थानी बसलेला सावळा गृहस्थ भाकरी मोडून सर्वांना वाटून देत आहे. हा गृहस्थ मूळचा वर्ध्याचा. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

क्रांतिकारक म्हणून खानखोजे यांचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. कृषितज्ज्ञ म्हणून मात्र तितकेसे नाही. विस्तारकार्यात गुंतलेल्या वाचकांनी त्यांच्या आयुष्याच्या या दुसऱ्या बाजूकडे मुद्दाम पाहावे. विद्यापीठात मिळालेली विद्या गावापर्यंत कशी पोहोचते, या आजही न सुटलेल्या प्रश्नाचे एक उत्तर तेथे सापडते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तरुण खानखोजे जपानमार्गे अमेरिकेत गेले. उद्देश सशस्त्र क्रांतीची तयारी हा होता आणि त्यासाठी त्यांनी कॅलिफोर्नियात लष्करी शिक्षणही घेतले. त्याच काळात ते ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतील कृषी महाविद्यालयांत शिकले. मजुरी करून शिकणाऱ्या या विद्यार्थ्याने 1913 मध्ये वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून पदव्युत्तर पदवी मिळविली. गदर चळवळीची उभारणीही त्याच वर्षातली.

ही महाविद्यालये साधी नव्हती. 1862 च्या मॉरिल कायद्याने अमेरिकेतील राज्यांना सरकारी जमिनी देण्यात आल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. 1887 च्या हॅच कायद्याने त्यांना संशोधन केंद्रांची जोड मिळाली, तर 1914 च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विस्तारसेवेची. वर्गात शिकणे, प्रक्षेत्रावर तपासणे आणि शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन दाखविणे ही तीन कामे एकाच संस्थेने करावयाची, अशी त्यामागील धारणा होती. खानखोजे यांची पदवी स्मिथ-लिव्हर कायद्याच्या आदल्या वर्षाची; म्हणजे ही धारणा आकार घेत असतानाच ते त्या वातावरणात वाढले.

पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर लढून, पुढे युरोपात भटकून, 1924 मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले. मायदेशाचे दार बंदच होते. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना अध्यापनाचे काम मिळाले. मका या तेथील मुख्य पिकाच्या सुधारणेवर त्यांनी प्रयोग केले. मक्याचा रानटी नातलग असलेल्या तेओसिंतेशी त्याचा संकर करण्याचा प्रयत्नही त्यांत होता. इतके केले असते तरी एक यशस्वी प्राध्यापक म्हणून त्यांची नोंद झाली असती.

परंतु 1910 च्या क्रांतीनंतर मेक्सिकोत एक वेगळीच अडचण उभी होती. 1917 च्या राज्यघटनेने मोठ्या जमीनदारीच्या जमिनी गावांकडे सोपविण्याची वाट मोकळी केली होती. ज्यांच्या हाती जमीन आली ते पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर राबलेले मजूर होते. कष्टाची त्यांना सवय होती. कोणते बियाणे निवडावे, कोणते पीक केव्हा घ्यावे, हा निर्णय मात्र त्यांनी कधी घेतलाच नव्हता. चापिंगोच्या वर्गखोल्यांत ही माणसे येणे शक्य नव्हते. तेव्हा खानखोजे यांनी विद्यालयच गावात नेले. ‘मुक्त कृषी विद्यालय’ या नावाने त्यांनी गावोगावी शाळा काढल्या. एका शाळेला शेतकरी नेता एमिलियानो सापाता याचे नाव होते. शेतकरी आणि त्यांची मुले तेथे शिकत आणि शिकण्याचे मुख्य साधन समोरचे शेत हेच असे. आज आपण ज्याला शेतीशाळा म्हणतो, त्याच्याशी हिचे साम्य सहज जाणवेल.

स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि अखेरची वर्षे त्यांनी नागपुरात काढली. 22 जानेवारी 1967 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना घडविणारा विद्यापीठांचा नमुना तोवर भारतात आला होता: राधाकृष्णन आयोगाने 1949 मध्ये ग्रामीण विद्यापीठांचा आग्रह धरला होता आणि 1960 मध्ये पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले होते. महाराष्ट्रात मात्र राहुरीचे विद्यापीठ 1968 चे, अकोल्याचे 1969 चे आणि परभणी व दापोलीची 1972 ची. विदर्भाच्या या कृषितज्ज्ञाला आपल्या प्रांतातले कृषी विद्यापीठ पाहता आले नाही.

आज कृषी पदवीचा विद्यार्थी अंतिम वर्षात ‘रावे’ अर्थात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहतो. 2015 पासून ‘स्टुडंट रेडी’ या व्यापक कार्यक्रमाचा तो भाग आहे. महाराष्ट्रात या मुलामुलींना कृषिदूत व कृषिकन्या म्हणतात. रांगोळीने गावाचा नकाशा काढणे, मातीचा नमुना घेणे, बीजप्रक्रिया, बोर्डो मिश्रण, निकृष्ट चाऱ्यावर युरियाची प्रक्रिया ही प्रात्यक्षिके बहुतेक वाचकांनी पाहिली असतील. टीकाकार म्हणतात की हा छायाचित्रे आणि अहवालांचा सोहळा आहे. काही गावांत ते खरेही आहे. प्रात्यक्षिक संपते, फलकासह छायाचित्र निघते, आणि शंभर किलो काडासाठी चार किलो युरिया घेतलेला तो ढीग 21 दिवसांनी उघडायचा तेव्हा कृषिदूत दुसऱ्या विषयाच्या अहवालात गुंतलेला असतो. ढीग उघडताना गुरांनी तो चारा प्रथम हुंगून सोडला, तर काय करावे हे सांगणारे कोणी जवळ नसते. थोडा वेळ हवेत पसरून वास जाऊ द्यावा आणि नेहमीच्या चाऱ्यात मिसळून हळूहळू सवय लावावी, एवढेच सांगायचे असते. पण ते त्या दिवशी, त्या गोठ्यात सांगावे लागते.

दोष विद्यार्थ्याला देणे सोपे आहे. त्याचे सत्र परीक्षेच्या वेळापत्रकाने चालते, पीक पावसाच्या. शिवाय त्याच्या डोक्यात स्पर्धा परीक्षा असते, बँकेतील कृषी अधिकाऱ्याची जागा असते, निविष्ठा कंपनीची मुलाखत असते. कोरडवाहू घरातून आलेल्या मुलाने स्थिर पगाराची आशा धरली तर त्यात गैर काही नाही, आणि शेती कळणारा अधिकारी बँकेत बसणे हीदेखील गावाची सेवाच आहे. स्वतःचा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांसाठी 2002 पासून कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्रांची योजना आहे; प्रशिक्षण, कर्ज आणि अनुदान यांची सोय तीत आहे. माती परीक्षण, रोपवाटिका, अवजारे भाड्याने देणे अशा कामांतून सल्ला आणि उपजीविका एकत्र चालू शकतात. केवळ औषधविक्रीचे दुकान झाले की मात्र सल्ल्याची निःपक्षता टिकविणे कठीण जाते.

कृषिदूत गावातून गेल्यावर त्याचे काम पुढे चालविणारा माणूस गावातच हवा. तो प्रगतिशील शेतकरी असेल, विस्तार कार्यकर्ता असेल किंवा कृषी विज्ञान केंद्राचा विषयतज्ज्ञ. सोयाबीनच्या घरच्या बियाण्याचे उदाहरण घ्या. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मोजून ठेवायचे, गुंडाळी ओलसर राखायची आणि आठवडाभराने कोंब मोजायचे, ही चाचणी कृषिकन्या सहज शिकविते. सत्तर वा अधिक दाणे चांगले उगवले तर शिफारशीइतके बियाणे पुरते. त्याहून कमी उगवल्यास प्रमाण वाढवावे लागते, फारच कमी असल्यास बियाणे बदलावे लागते. पण हे कोंब मोजण्याची खरी वेळ पेरणीपूर्वी, मे महिन्यात येते. तोवर त्या तुकडीचा मुक्काम कधीच उठलेला असतो आणि पुढची तुकडी आलेली नसते. निरोपाच्या दिवशीच गावातील पाच शेतकऱ्यांची नावे वहीत लिहून, मे महिन्यातील एक तारीख ठरवून ती वही स्थानिक विस्तार कार्यकर्त्याकडे सोपविली, तर खर्च एका वहीचा. यंदाच्या तुकडीपासून हे करून पाहता येईल.