वर्ज्य कोणासाठी, कोणाच्या हितासाठी?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरची माणसे एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. काहींचे जीवही गेले आहेत. या गोटमारीची लोककथा अशी: पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून नेली, नदीतच गोटे सुरू झाले आणि दोघेही मेले. कथेला इतिहासाचा पुरावा नाही. पण गावाने ती जपली, हीच तिची साक्ष. मुलीने कोणाचा हात धरावा हा प्रश्न तिचा नव्हता; तो गावाच्या अब्रूचा होता.

कामसंबंधांवरचे निषेध जगात सर्वत्र आहेत, पण त्यांच्या रेषा मात्र सारख्या नाहीत. पांढुर्णा आणि सौंसर हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, हे मराठी तालुके मध्य प्रदेशातच राहिले. येथील अनेक मराठी जातींत मामाची मुलगी करणे ही हक्काची सोयरीक. उत्तरेकडच्या हिंदीभाषक समाजांत मात्र तीच मुलगी बहीण ठरते. याच भागातल्या गोंडांत आईच्या माहेरी मुलगी परत देण्याला ‘दूध लौटावा’ म्हणतात. १९५५ चा हिंदू विवाह कायदाही रूढीला मान देतो. म्हणून एकच नाते एका घरात वैध, दुसऱ्या घरात निषिद्ध. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतीय नातेव्यवस्थेचा अभ्यास मांडताना उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला हा पट्टा म्हणूनच वेगळा काढला.

मग निषेध येतात कुठून? एडवर्ड वेस्टरमार्क यांनी १८९१ मध्ये सांगितले की लहानपणापासून एकत्र वाढलेल्यांना एकमेकांविषयी सहसा ओढ वाटत नाही. फ्रॉइड यांनी १९१३ मध्ये उलट बाजू मांडली: इच्छा असते म्हणूनच बंदी लागते. पुढे आर्थर वुल्फ यांनी तैवानमध्ये लहानपणीच सासरी आणून नवऱ्याबरोबर वाढवलेल्या मुलींची लग्ने तपासली. त्यांत मुले कमी आणि घटस्फोट जास्त निघाले. वेस्टरमार्क यांच्या बाजूने हा भक्कम पुरावा होता. लेवी-स्ट्रॉस यांनी १९४९ मध्ये वेगळा विचार दिला: घरातले नाते वर्ज्य केले की दुसऱ्या घराशी सोयरीक जोडावीच लागते, आणि त्यातून समाज बांधला जातो.

पण जवळचे नाते टाळणे आणि जातीबाहेरचे लग्न रोखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या निषेधाचा उलगडा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात केला. जातीतच लग्न हा जातिव्यवस्थेचा प्राण. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही तो टिकवण्याची साधने. त्या सक्तीची किंमत जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आधीच ओळखली होती. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले.

असे विषय अभ्यासून मिळते काय? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. आधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास आला आणि ग्रामीण स्त्रियांचे हे दुखणे जगापुढे आले. लाजेपोटी सोसलेले आजार मोजल्यावरच दिसले.

अशा संशोधनाने घरची अब्रू चव्हाट्यावर येते, हा आक्षेप खरा आहे. म्हणून संमती आणि गुप्तता हवीच. पण अभ्यासच टाळला, तर मुलांना घरातल्या अत्याचारापासून वाचवणारा निषेध आणि सज्ञान मुलामुलींच्या जिवावर उठणारा निषेध एकाच पारड्यात पडतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की दोन सज्ञानांच्या लग्नाला कुटुंबाची किंवा जातीची परवानगी लागत नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसरही त्यात आले. येथील महाविद्यालयांनी मराठी, हिंदी आणि गोंडी घरांतले सोयरिकीचे नियम आजच्या वडीलधाऱ्यांकडून नोंदवून घ्यावेत, आणि प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारावा: हा कोणाचे रक्षण करतो?