अपडेट आले, फोन फॉरमॅट मारू का?

सकाळच्या वेळी बोईसरच्या फलाटावर डहाणू लोकलची वाट पाहणाऱ्या माणसाच्या खिशात आज काय असते? पाकीट असेलच असे नाही, पण फोन असतो. त्यात रेल्वेच्या ॲपवरचा मासिक पास असतो, चहावाल्याला दहा रुपये देणारे यूपीआय असते, तारापूर एमआयडीसीतल्या कंपनीचा शिफ्टचा ग्रुप असतो, डिजिलॉकरमधले लायसन्स असते आणि गावाकडच्या आईचे व्हॉइस मेसेज असतात. अशा फोनवर एके दिवशी ‘नवीन सॉफ्टवेअर अपडेट उपलब्ध’ अशी पट्टी झळकते. मग आजूबाजूने सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो, ‘मारू नकोस, फोन हँग होईल.’ दुसरा जाणकार म्हणतो, ‘आधी फॉरमॅट मार, मग अपडेट कर. फोन नव्यासारखा पळतो.’

हा दुसरा सल्ला पालघरपासून पुण्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. तो देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण आजच्या फोनला तो लागू पडत नाही.

सल्ल्याला इतिहास मात्र आहे. २०१४ च्या शेवटी गुगलने अँड्रॉइड ५, म्हणजे लॉलीपॉप, आणले. त्याबरोबर ॲप चालवणारे जुने ‘डाल्विक’ यंत्र जाऊन ‘आर्ट’ आले. फोनमधले प्रत्येक ॲप नव्या पद्धतीने पुन्हा बांधावे लागे. अपडेट झाल्यावर ‘ॲप्स तयार होत आहेत’ अशी पाटी आणि पुढे सरकणारा आकडा बघत लोक ताटकळत. गुगलचा स्वतःचा नेक्सस ७ हा २०१२ चा टॅबलेट या अपडेटनंतर इतका मंदावला की तक्रारींचा पाऊस पडला आणि ‘रिसेट मारून बघा’ हा उपाय घरोघरी गेला. दुसरीकडे हौशी मंडळी कंपनीचे सॉफ्टवेअर काढून दुसऱ्यांनी बनवलेले सॉफ्टवेअर फोनवर चढवत. दुकानदारही बंद पडलेल्या फोनवर संगणकाने ‘सॉफ्टवेअर मारत’. एका घडणीचा डेटा दुसऱ्या घडणीत बसत नसल्यामुळे तिथे फोन पुसणे भागच होते. त्या काळची ही सवय कंपनीने स्वतः पाठवलेल्या साध्या अपडेटलाही चिकटली.

फोनच्या आतली मांडणी समजली की ही सवय का सुटायला हवी ते कळते. फोनच्या साठवणुकीचे ढोबळमानाने दोन भाग असतात. एका भागात अँड्रॉइड स्वतः असते. तो भाग कुलूपबंद असतो, त्यात ॲपला किंवा वापरणाऱ्याला काही लिहिता येत नाही आणि फोन चालू असताना त्याची मूळ घडण बदललेली नाही ना, हे तपासले जाते. दुसऱ्या भागात फोटो, संदेश, ॲप आणि त्यांच्या सेटिंग्ज असतात. मोठे अपडेट पहिला भाग बदलते. फॅक्टरी रिसेट, म्हणजेच फॉरमॅट, दुसरा भाग पुसतो. चाळीचा मालक जिना आणि पाण्याची टाकी बदलत असेल, तर त्यासाठी भाडेकरूंनी खोल्या रिकाम्या करायची गरज नसते.

यातूनच एक सार्वत्रिक गैरसमज निकालात निघतो. अपडेट आवडले नाही म्हणून रिसेट मारला की फोन जुन्या आवृत्तीवर जातो, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. रिसेटनंतर सॉफ्टवेअर नवेच राहते, फक्त फोटो आणि चॅट जातात. काही फोनमध्ये तर मागे जाण्याची वाट कंपनीच बंद करते. ऑगस्ट २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ आले तेव्हा गुगलच्या पिक्सेल ६ मालिकेतल्या फोनना पुन्हा अँड्रॉइड १२ वर जाता येणार नाही, हे गुगलने आधीच सांगून टाकले होते.

अपडेट अर्धवट राहून फोन ‘डेड’ होण्याची भीतीही बरीचशी जुनी आहे. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ बरोबर एक वेगळी पद्धत आली. सिस्टीमच्या दोन प्रती ठेवायच्या, एकीवर फोन चालू असताना दुसरीवर नवे सॉफ्टवेअर बसवायचे आणि रिस्टार्ट करताना दुसरीवर उडी मारायची. नवी प्रत सुरूच झाली नाही, तर फोन जुन्या प्रतीवर परततो. सगळ्या कंपन्यांनी ही पद्धत लगेच उचलली नाही. सॅमसंगने ती २०२४ च्या गॅलेक्सी ए५५ पासून घेतली. म्हणून ज्यांच्या फोनमध्ये अपडेट होताना पडद्यावर बराच वेळ फक्त टक्के सरकताना दिसतात, त्यांनी त्या वेळात बॅटरी संपू देऊ नये. वीज जाण्याची सवय असलेल्या भागात एवढी काळजी पुरते.

मग अपडेटने फोन बिघडतच नाहीत का? बिघडतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइड १४ आल्यावर, एकाच फोनवर एकापेक्षा जास्त वापरकर्ता-प्रोफाइल असलेल्या अनेक पिक्सेलधारकांना आपलेच फोटो आणि फाइल उघडता येईनात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमसंगचे गॅलेक्सी एस१० आणि नोट १० मालिकेतले, म्हणजे पाच वर्षे जुने, फोन अचानक पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले. सॅमसंगच्याच स्मार्टथिंग्ज ॲपशी संबंधित एक भाग पार्श्वभूमीवर आपोआप अपडेट झाला होता आणि अनेकांना फोन जिवंत करायला रिसेटच मारावा लागला. ते अपडेट कोणी बटण दाबून मागवलेले नव्हते, त्यामुळे ‘आधी फॉरमॅट’ हा सल्ला पाळायची संधीही कोणाला नव्हती. ज्यांचे फोटो आणि चॅट दुसरीकडे सुरक्षित होते ते वाचले, बाकीच्यांचे गेले.

भारतात सगळ्यात जास्त गाजली ती पडद्यावरची हिरवी रेघ. अपडेट मारले आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर उभी हिरवी किंवा गुलाबी रेघ आली, अशा तक्रारी वनप्लस आणि सॅमसंगच्या काही महागड्या मॉडेलबद्दल आल्या. वनप्लसने भारतातल्या ग्राहकांना मोफत पडदा बदलून द्यायला सुरुवात केली, सॅमसंगनेही २०२४ मध्ये काही मॉडेलसाठी तशी सवलत दिली. ही रेघ पडद्यातल्या बिघाडाची असते. रिसेट आधी मारा वा नंतर, ती जागची हलत नाही. अशा वेळी दुकानात ‘सॉफ्टवेअर मारून बघतो’ म्हणून पैसे मोजण्यापेक्षा कंपनीच्या सेवाकेंद्रात फोन दाखवणे शहाणपणाचे.

रिसेटने फोन पळतो असे वाटते, त्यालाही कारण आहे. साठवणूक गच्च भरलेली असते ती रिकामी होते, पन्नास ॲप पार्श्वभूमीवर धावत असतात ती थांबतात. पण चार तासांनी तीच पन्नास ॲप आणि त्याच सेटिंग्ज बॅकअपमधून परत ओतल्या की फोन पूर्वपदावर येतो. तोच फायदा नको असलेली वीस ॲप काढून आणि व्हॉट्सॲपमधले ‘शुभ सकाळ’चे व्हिडिओ उडवूनही मिळतो.

जिथे मूळ यंत्रच तोकडे आहे तिथे तर रिसेट अगदीच हतबल. महाराष्ट्राने हे २०२१ मध्ये पाहिले. राज्य सरकारने २०१९ मध्ये अंगणवाडी सेविकांना दिलेल्या फोनमध्ये रॅम होती २ जीबी. मार्च २०२१ मध्ये अंगणवाडीतल्या नोंदींसाठी केंद्राचे पोषण ट्रॅकर ॲप आले आणि ते या फोनवर धड चालेना. फोन तापतो, हँग होतो, दुरुस्तीचा खर्च पदरचा करावा लागतो, अशा तक्रारी करून थकलेल्या सेविकांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभर ‘मोबाइल वापसी’ आंदोलन केले आणि फोन सरकारला परत केले. जव्हार-मोखाड्यासारख्या तालुक्यांत बालकाचे वजन वेळेवर नोंदले जाणे किती मोलाचे, हे पालघर जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. तिथे अडचण होती रॅमची, आणि ती कोणत्याही सेटिंगमधून वाढत नाही.

आता रिसेटची किंमत. पहिला फटका व्हॉट्सॲपला बसतो. अँड्रॉइडवर त्याचा बॅकअप गुगल खात्यात जातो आणि आता तो त्या खात्याच्या मोफत १५ जीबीमध्येच मोजला जातो. फोटो आणि मेलने ती जागा भरली असेल तर बॅकअप गेले कित्येक महिने झालेलाच नसतो, आणि त्याची सूचना कोणी वाचलेली नसते. बॅकअपला वेगळा पासवर्ड लावला असेल आणि तो विसरला असेल, तर व्हॉट्सॲपलाही तो उघडता येत नाही.

दुसरा फटका नंबरांना. नवा नंबर सेव्ह करताना फोन विचारतो की तो गुगल खात्यात ठेवू, सिममध्ये की फोनमध्ये. ‘फोन’ निवडून ठेवलेले नंबर रिसेटबरोबर पुसले जातात. मेमरी कार्ड साधारणपणे वाचते. मात्र काही फोनमध्ये कार्ड ‘अंतर्गत साठवणूक’ म्हणून जोडता येते. तसे जोडलेले असेल तर त्याची किल्ली फोनमध्येच असते, आणि रिसेटनंतर कार्डावरचे काहीच वाचता येत नाही.

‘डिलीट झालेले फोटो रिकव्हर करून देऊ’ अशा पाट्यांवरही भिस्त ठेवू नये. अँड्रॉइड १० पासूनच्या नव्या फोनमध्ये सगळा डेटा सांकेतिक रूपात असतो आणि रिसेट करताना तो उलगडणारी किल्लीच नष्ट होते. मागे राहते ते कोणालाच वाचता येत नाही.

बोईसरसारख्या, देशभरातून कामगार येणाऱ्या गावात सगळ्यात जास्त माणसे अडकतात ती गुगल खात्यावर. फोन घेताना दुकानदाराने खाते उघडून दिलेले असते, पासवर्ड कोणालाच आठवत नाही, आणि खाते आहे हेही वापरणाऱ्याला ठाऊक नसते. २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ पासून चोरी रोखण्यासाठी एक कुलूप आले. बाजूची बटणे दाबून फोन पुसला, तर सुरू होताना तो आधीचेच खाते किंवा जुना स्क्रीन लॉक मागतो. चोर अडकतो, तसा मालकही अडकतो. त्यावर घाईघाईने पासवर्ड बदलला तरी लगेच सुटका होईल असे नाही. नुकत्याच बदललेल्या पासवर्डने असा फोन उघडण्यासाठी गुगल २४ तास थांबायला लावते. तोवर हातात वीट. आणि ॲपवरचा पास तपासनिसाला दाखवता आला नाही तर विनातिकीटचा दंड, कारण फोन बंद होता ही सबब रेल्वे मान्य करत नाही.

म्हणून अपडेटच्या आधी करायचे ते वेगळेच. सेटिंग्जमध्ये जाऊन गुगलचा बॅकअप शेवटचा कधी झाला, ती तारीख बघायची. व्हॉट्सॲपमध्ये जाऊन तिथलीही बघायची, आणि जुनी असेल तर वायफायवर हाताने बॅकअप घ्यायचा. महत्त्वाचे फोटो संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवायचे. गुगल खात्याचा पासवर्ड खरोखर चालतो का, हे दुसऱ्या फोनवर लॉगिन करून तपासायचे. अपडेटला काही जीबी मोकळी जागा लागते, ती करून ठेवायची. बॅटरी निम्म्याच्या वर असावी. नवी आवृत्ती आल्याआल्या मारण्यापेक्षा आठवडाभर थांबले तर पहिल्या फेरीतले मोठे दोष तोवर उघडे पडलेले असतात. मात्र दरमहा येणारी सुरक्षेची छोटी अपडेट लांबवू नयेत. ज्या फोनवरून पैसे फिरतात त्याला ती लागतातच.

अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन तापतो आणि बॅटरी लवकर उतरते, ती बहुतेकदा आपोआप ताळ्यावर येते, कारण आतल्या आत ॲपची पुनर्बांधणी चाललेली असते. आठवडा उलटूनही फोन अडखळत असेल तर आधी सगळी ॲप अपडेट करावीत. मग फोन सेफ मोडमध्ये सुरू करून बघावा. त्यात बाहेरून टाकलेली ॲप बंद राहतात. फोन तिथे सुरळीत चालला तर दोष एखाद्या ॲपचा आहे, आणि ते एकच काढले की काम भागते.

एवढे करूनही जमले नाही तरच रिसेट, तोही अपडेटच्या नंतर, म्हणजे एकदाच पुसावे लागते. फोन विकताना किंवा कोणाला देताना तर तो मारायलाच हवा. कंपनीच्या चाचणी आवृत्तीतून मधूनच बाहेर पडून नेहमीच्या आवृत्तीवर येताना फोन सहसा पुसला जातोच. रिसेट नेहमी सेटिंग्जमधून, पिन टाकून करावा, आणि दिवस साप्ताहिक सुट्टीचा निवडावा. सिम काढू नये, कारण यूपीआय पुन्हा जोडताना बँकेकडे संदेश त्याच सिममधून जावा लागतो. यूपीआयचा पिन आठवत नसेल तर डेबिट कार्ड हाताशी ठेवावे. फोन सुरू झाल्यावर आधी गुगल खाते, मग व्हॉट्सॲप, मग बँक आणि रेल्वे असा क्रम सोयीचा. नव्याने जोडलेल्या फोनवर अनेक बँका पहिले २४ तास रकमेला मर्यादा घालतात, त्यामुळे मुलाच्या कॉलेजची फी किंवा घराचा हप्ता भरायचा असेल तर तो आदल्या दिवशीच भरून टाकावा.